खोडलेलं बरोबर उत्तर

"ढाकणे बाईंच्या तोंडी लागू नका," असं आमच्या शाळेत नव्या शिक्षकाला पहिल्याच दिवशी सांगतात. मला माहीत आहे ते. पाथर्डी तालुक्यातल्या एकाच शाळेत सत्तावीस वर्षं दहावीला विज्ञान शिकवते आहे मी, जीभ थोडी तिखट होणारच की! आणखी एक सांगतात, "बाईंचं चुकत नाही." हे दुसरं मला फार आवडायचं. कुणी माझ्यासमोर बोललं की मी "पुरे पुरे" म्हणायची आणि आतून फुगायची. ते खोटं आहे. सुकन्याची हकीकत सांगितल्याशिवाय ते कुणाला पटणार नाही, म्हणून सांगते.

सुकन्या सूर्यभान खेडकर. शाळेपासून तीन किलोमीटरवर, डोंगराच्या अंगाला त्यांची वस्ती. आई लंकाबाई आणि बाप सूर्यभान दरवर्षी दिवाळी झाली की ऊस तोडायला राहात्याच्या बाजूला जातात, ते गुढीपाडव्याच्या सुमाराला परततात. पोरगी पहिल्यापासून त्यांच्याबरोबर. धाकट्या भावाला सांभाळायचं, पाणी आणायचं, भाकरी थापायच्या. त्यामुळे हजेरीपटावर तिचं नाव वर्षभर आणि वर्गात ती निम्मं वर्ष. आमच्याकडे अशी पोरं दरसाल असतात, त्यात काही नवल नाही. नवल हे की सहा महिन्यांत ती बारा महिन्यांचं उरकायची.

उंच, सावळी, केसाला चपचपीत तेल. तिची एक खोड होती. प्रश्न पडला की आधी उठून उभी राहायची आणि विचारायचं की नाही ते मग ठरवायची. आठवीत एकदा अशीच उभी राहिली ती राहिलीच. मी म्हटलं, "काय गं, एस.टी.ची वाट बघतीयेस का?" वर्ग खिदळला, तीही हसली आणि म्हणाली, "बाई, मीठ पान्यात इरघळलं की दिसत न्हाई. मग ते त्यात हाय कशावरून?" मी म्हटलं, "चाखून बघ." पोरीला वाटलं हा गृहपाठच आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रार्थना संपायच्या आत माझ्याजवळ येऊन सांगितलं, "चाखलं बाई. हाय." असल्या पोरीवर जीव जडतो हो. मी तसं कधी दाखवलं नाही, ती गोष्ट वेगळी.

ती दहावीला आली त्या जूनमध्ये सूर्यभान शाळेत आला. हा सूर्यभानसुद्धा माझाच विद्यार्थी, मी नोकरीला लागले त्याच सुमाराचा. दहावीला विज्ञानात नापास झाला आणि थेट कोयता धरला. हात बांधून उभा राहिला आणि म्हणाला, "बाई, पोरीची एवढी दहावी झाली की बास करायचं. हिच्या आईची कंबर गेली हाय. मोळी डोक्यावर घिऊन ट्रकच्या फळीवर चढताना पडली. आता हिच्या जागी पोरगीच लागंल मला." ऊसतोडीत दोन माणसांचा मिळून एक कोयता धरतात, एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. लंकाबाई बसली की सूर्यभान अर्धा. त्याचंही खोटं नव्हतं.

पण माझं डोकं फिरलं. शेंडी तुटो की पारंबी, असं मला एकदम होऊन जातं. मी म्हटलं, "सूर्यभान, या पोरीला मी ऐंशी टक्के पाडून दाखवते. पडले तर ती नगरला वसतिगृहात राहून अकरावी सायन्स करील, कोयत्याचं नाव काढायचं नाही."

"आन न्हाई पडले तर?"

"न पडायला काय झालं? मी शिकवतेय ना! नाही पडले तर तुझं तू बघ."

हे शेवटचं वाक्य बोलायला नको होतं. सूर्यभान सरळ माणूस. त्याने मान डोलावली. "दिला शब्द बाई. ऐंशी म्हंजे ऐंशी." एका पोरीचं सगळं आयुष्य मी माझ्या तोऱ्यापायी एका आकड्याला बांधून ठेवलं, आणि मला वाटत होतं मी तिच्यावर उपकारच करतेय.

माझ्या नोट्सची आमच्या भागात ख्याती आहे. शेजारच्या शाळांतली पोरंसुद्धा झेरॉक्स मारून नेतात. रसायनाचे पेपर मी वर्षानुवर्षं तपासले आहेत, पोरं नेमकी कुठं मार खातात ते मला तोंडपाठ. समीकरण जुळवायला सांगितलं की पोरगं पाण्याच्या सूत्रातला आकडाच बदलून मोकळं होतं. अरे बाबा, सूत्राच्या पायाला हात लावायचा नाही, आकडा पुढं लिहायचा! पाय बदलला की पदार्थच बदलला, ते पाणी राहिलं नाही. निरीक्षण विचारलं तर रंग, बुडबुडे, वास असं डोळ्या-नाकाला कळतं ते लिहायचं, तिथं "रासायनिक अभिक्रिया होते" लिहून काय उपयोग? तीन गुणांना तीन मुद्दे. कारण विचारलं की प्रश्नच उलटा करून परत लिहायचा नाही, परीक्षक काही बहिरा नसतो. आम्ल लिहिलं तर सौम्य की संहत ते लिहायचं. आणि समीकरण लिहून झालं की दोन्ही बाजू मोजायच्या, घरातली भांडी मोजतो तशा.

त्या वर्षी माझी जुनी नोट्सची वही वाळवीने खाल्ली. मे महिन्यात बसून सगळं नव्याने लिहून काढलं. पुस्तक शेजारीच होतं. उघडलं नाही. मला पुस्तक कशाला लागतंय, असं वाटलं.

त्यात एक चूक झाली. मोरचुदाच्या निळ्या पाण्यात लोखंडी खिळा टाकला तर काय दिसतं, हा दहावीचा ठरलेला प्रश्न. खिळ्यावर तांबूस थर बसतो, निळा रंग जातो आणि पाणी फिकट हिरवं होतं, कारण त्यात फेरस सल्फेट तयार होतं. मी लिहिलं, पाणी पिवळट होतं, फेरिक सल्फेट तयार होतं. आमच्या प्रयोगशाळेच्या कपाटात त्या प्रयोगाची जुनी बाटली पडलेली आहे. हवा लागून लागून ती पार पिवळी झाली आहे, आणि येता-जाता मला तीच दिसायची. वर समीकरणही मी असं ऐटीत बेतलं की दोन्ही बाजू चोख जुळल्या. जुळलं म्हणजे बरोबर असतंच असं नाही, हे मीच पोरांना दर वर्षी सांगते. आता काय बोलायचं!

दिवाळीनंतर सुकन्या फडावर निघाली. निघायच्या आदल्या दिवशी मी तिला नोट्सचा गठ्ठा दिला. म्हटलं, "हे पाठ कर. तिथं शिकवायला कोणी नाही, पुस्तकात बघत बसलीस तर गोंधळशील. यात आहे तसंच्या तसं लिहायचं, स्वतःची अक्कल चालवायची नाही." तिने गठ्ठा छातीशी धरला आणि "व्हय बाई" म्हणाली. मी त्यावर एक जुनी ओढणीसुद्धा गुंडाळून दिली, उसाच्या फडात धूळ लई असते म्हणून.

जानेवारीत वर्गात उजळणी चालू असताना दिशा नावाची मुलगी उठली. "बाई, पुस्तकात फिकट हिरवा दिलाय, आणि फेरस." मी तिला झापलं. "पुस्तक तू लिहिलंयस? का मी ते वाचलेलं नाही? बस खाली!" घरी येऊन पुस्तक उघडलं आणि तोंडावर पाणी मारायची पाळी आली. पोरगी बरोबर होती. दुसऱ्या दिवशी वर्गात फळ्यावर नवीन उत्तर लिहिलं आणि म्हटलं, "हे असं लिहून घ्या, हे जास्त सोपं आहे." सोपं! चुकलं हा शब्द माझ्या तोंडातून निघाला नाही. दिशाकडे मी बघितलंसुद्धा नाही.

वर्गाचं झालं. फडावरच्या सुकन्याचं काय? मला त्याच संध्याकाळी आठवण झाली, विसरले असं म्हणून सुटता येणार नाही. लंकाबाईचा मोबाईल नंबर माझ्याकडे होता. एकदा लावला, लागला नाही. परत लावायला हवा होता की नाही? हवा होता. पण फोनवर बोलायचं काय? "मी चुकले" म्हणायचं? तेही लंकाबाईच्या मोबाईलवर, सूर्यभान शेजारी बसलेला असताना? मी म्हटलं, येईल फेब्रुवारीत परीक्षेला, तेव्हा समोरासमोर सांगू.

ती आली परीक्षेच्या चार दिवस आधी. आईबाप फडावरच, ती चुलत्याबरोबर. काळवंडलेली, हाताला उसाच्या पाचटाने कापल्याच्या रेघा. मला भेटायला आली तेव्हा शिक्षकांची खोली भरलेली होती. मी मनात म्हटलं, उद्या सांगू. उद्या दुसरं काही निघालं. चार दिवस असेच गेले. खरं सांगायचं तर मी ते घालवले.

विज्ञानाच्या पहिल्या पेपरच्या सकाळी मी पोरांबरोबर परीक्षा केंद्राच्या फाटकापर्यंत गेले. दुसऱ्या शाळांचेही विज्ञानाचे शिक्षक तिथं उभे होते. सुकन्या माझ्याजवळ आली. "बाई, एकदा ऐकता का? मग मला भ्या न्हाई वाटनार." आणि डोळे मिटून ती घडाघडा म्हणायला लागली. आवर्तसारणी, मग धातू, मग आम्ल. मग मोरचूद आणि खिळा. "द्रावनाचा निळा रंग जाऊन ते पिवळट हुतं."

मला ऐकू आलं. स्वच्छ ऐकू आलं. शेजारच्या शाळेचे एक सर कौतुकाने बघत होते आणि म्हणालेसुद्धा, "ढाकणे बाईंची पोरगी दिसतेय!" एक शब्द पुरला असता. "हिरवं म्हण गं, पिवळं नाही." बास, एवढंच. मी स्वतःला समजावलं की आता ऐन वेळी सांगितलं तर पोरगी बिचकेल, होतं ते पण विसरेल. असं कारण माणसाला हवं तेव्हा बरोबर सापडतं. मी म्हटलं, "छान. जा आता." तिने वाकून नमस्कार केला आणि आत गेली.

प्रश्न आला. तीन गुणांना. काय दिसेल ते लिहा, अभिक्रियेचा प्रकार सांगा, संतुलित समीकरण लिहा. पेपर सुटल्यावर प्रश्नपत्रिका हातात घेतली आणि त्या प्रश्नावर बोट ठेवून मी किती वेळ उभी होते कोण जाणे. सुकन्या धावत आली. "बाई, सगळं तुमचंच आलं! शब्द न् शब्द तसाच लिवला." मी तिच्या पाठीवर हात ठेवला.

मे महिन्यात निकाल लागला. पाचशेपैकी तीनशे अठ्ठ्याण्णव. एकोणऐंशी पूर्णांक साठ टक्के. आमच्या शाळेत दुसरी आली ती. कुणीही पेढे वाटले असते. सुकन्या फलकासमोर उभी राहून आकडा परत परत वाचत होती, जसं काही वाचून दोन वाढणार होते.

मी काय करावं? मी भडकले! मुख्याध्यापक मच्छिंद्र सरांच्या खोलीत जाऊन आरडाओरडा केला. तपासणाऱ्यांनी डोळे मिटून पेपर तपासले, या पोरीचे गुण कापले म्हणजे काय, विज्ञानाच्या उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवा. सर म्हणाले, "बाई, मागवू. एवढं काय?" चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. घोडं कुठं पेंड खातंय ते मला पक्कं माहीत होतं, तरी कुठंतरी दुसरीकडे दोन गुण सापडावेत म्हणून मी जिवाच्या आकांताने ओरडत होते.

छायाप्रत आली. प्रयोगशाळेत दार लोटून घेतलं आणि पान न् पान बघितलं. पोरीने सुरेख पेपर लिहिला होता. समीकरणांत कुठं सूत्राच्या पायाला हात नाही, तीन गुणांना तीन मुद्दे. तपासणाऱ्याने कुठेही एक गुण वावगा कापलेला नव्हता. मग तो प्रश्न आला. तीनपैकी एक. विस्थापन अभिक्रिया, एवढा प्रकार बरोबर आलेला, त्याचा एक. दोन गेले, तेच ते दोन.

पण त्याच्या वर काहीतरी खोडलेलं होतं. मी चष्मा पुसून कागद डोळ्यांजवळ नेला. खोडलेल्या ओळींतून अक्षरं दिसत होती. "द्रावण फिकट हिरवे होते. फेरस सल्फेट." आणि खाली समीकरण, अगदी बरोबर. तिने आधी बरोबर उत्तर लिहिलं होतं. मग ते खोडून खाली माझं लिहिलं होतं, शब्द न् शब्द.

मी सुकन्याला बोलावून घेतलं. कागद पुढे ठेवला. "हे का खोडलंस गं?"

ती म्हणाली, "बाई, मी फडावर करून बघितलं हुतं ते. शेजारच्या डाळिंबवाल्याकडं फवारनीचा मोरचूद हुता, त्यातला चिमूटभर मागून आनला. पेल्यात पानी घेतलं, खिळा टाकला. रात्रभर ठिवला. सकाळी बघितलं तर हिरवंच झालं हुतं."

"मग?"

"मग काय? तुमी पिवळट लिवलेलं. मला वाटलं माझा खिळाच खराब असंल." ती जराशी हसली. "पेपरात आधी हातातनं तेच गेलं, बघितलेलं. मग आठवलं, तुमी म्हनला हुता सोताची अक्कल चालवायची न्हाई. म्हून खोडलं."

डोळ्यांनी बघितलेलं माझ्यासाठी खोडलं तिने. मी तिला म्हटलं, "सुकन्या, तुझा खिळा चांगला होता. माझ्या नोट्स चुकल्या होत्या. मला जानेवारीतच कळलं होतं. त्या दिवशी फाटकापाशी तू म्हणून दाखवलंस तेव्हाही कळलं होतं." आयुष्यात पहिल्यांदा एवढं सगळं एका दमात बोलले. मला वाटलं ती रडेल, चिडेल. चिडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती उभी राहिली, तिच्या जुन्या सवयीने, बोलायचं की नाही ते ठरवत. मग म्हणाली, "असू द्या बाई. आई म्हनली हुती पोरगी दोन मार्कानं आळशी निघाली. मी म्हनलं व्हय, इसरले."

घरी तिने सगळं स्वतःवर घेतलं होतं. माझं नाव काढलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी वस्तीवर गेले. ठरवूनच गेले की आज लाज सोडायची. सूर्यभान ओट्यावर बसला होता. लंकाबाई कमरेला पट्ट्यासारखं जुनं लुगडं गुंडाळून चुलीपाशी होती, मला बघून भिंतीला धरून उठली. सुकन्या दारात थांबली. चहा आला. मी तो खाली ठेवला आणि म्हटलं, "सूर्यभान, ते दोन गुण पोरीने घालवले नाहीत. मी घालवले. मी तिला चुकीचं लिहून दिलं होतं. तिला बरोबर येत होतं, माझ्यावर विश्वास ठेवून तिने ते खोडलं. ही बघ तिची उत्तरपत्रिका. शब्दाप्रमाणे तिचे ऐंशी झालेत, चूक माझी आहे."

सूर्यभानने कागद हातात घेतला, उलटा-सुलटा बघितला आणि हसायला लागला. "काय बाई! तुमी चुकनार?"

"अरे, खरंच चुकले."

"बाई, मी तुमच्याच हाताखाली इज्ञानात गेलो. तवा मी बी घरी सांगितलं हुतं, बाईंनीच चुकीचं शिकवलं. बापानं फोडून काढला. बरूबरच हुतं त्याचं. बाईंचं चुकत न्हाई, हे अख्ख्या तालुक्याला म्हाईत हाय."

त्या वर्षी मी नवीन होते. काय शिकवलं होतं, कसं शिकवलं होतं, देवालाच माहीत. मी परत म्हणायला गेले, "सूर्यभान, ऐक माझं," पण त्याने हात जोडून मला थांबवलं.

"पोरीसाठी तुमी सोताच्या अंगावर घेताय, ते मला कळत न्हाई व्हय? एवढी मोठी बाई माझ्या दारात येऊन माझी चूक म्हनती. एवढी किंमत तुमच्या लेखी माझ्या पोरीची, आन मी बाप असून दोन मार्कासाठी अडून बसू? न्हाई बाई. जाऊ द्या तिला नगरला. शिकू द्या." मग त्याने लंकाबाईकडे बघितलं. "ही यील माझ्यासंगं. अजून एक हंगाम वढंल की, काय गं?"

"वढीन की," लंकाबाई म्हणाली. "तुमी काळजी करू नका बाई. पट्टा बांधला की कंबर चालती."

मला ओरडून सांगायचं होतं की हे सगळं खोटं आहे, मी मोठी नाही, मी भित्री आहे. मी सुकन्याकडे बघितलं. तिने मान हलवली, अगदी थोडीशी. नका सांगू. परत सांगितलं आणि सूर्यभानला पटलं तर? दिलेला शब्द त्याने माझ्या मोठेपणावर मोडला होता. तो मोठेपणा गेला तर पोरगी कुठं जाईल ते मला कळत होतं, आणि तो राहिला तर कोण उसात जाईल तेही कळत होतं.

मी खाली ठेवलेला चहा उचलला आणि प्यायले.

लंकाबाई पुढे आली. एक हात भिंतीला टेकवून, दात आवळून ती हळूहळू वाकली आणि माझ्या पायाला तिने हात लावला. मी पाय मागे घेतले नाहीत.